पलंगाची आंघोळ

भोरच्या त्या मुलींच्या वसतिगृहात ढेकूण सापडला तो पिंकीच्या भूगोलाच्या वहीत. ती सह्याद्रीचा नकाशा रंगवत बसली होती, आणि वरंधा घाटाच्या जरा खाली एक तपकिरी ठिपका चालायला लागला. पिंकीनं अशी किंकाळी फोडली की समोरचा किराणावाला वजनकाटा सोडून रस्त्यावर आला. नकाशावर ढेकूण जिथं होता, तिथून हिर्डोशी बोटभर अंतरावर. आणि पिंकीच्या तीन नंबरच्या खोलीत हिर्डोशीची मुलगी एकच होती, प्रेरणा.

एवढ्यावरून कुणी कुणाला दोषी धरत नाही, असं आपल्याला वाटतं. पण गणपतीपासून रात्रभर अंग खाजवलेल्या मुलींना पुरावा नको असतो, नाव हवं असतं. बाकीच्या मुलींकडे दुकानातली ब्लँकेटं होती, फुलाफुलांच्या चादरी होत्या. प्रेरणाच्या खाटेवर मात्र आईनं शिवलेली वाकळ. आईची लग्नातली साडी, आजीचं लुगडं, वडिलांची दोन धोतरं असं सगळं एकावर एक घालून शिवलेली, जड आणि ऊबदार. कुणीतरी म्हणालं, "डोंगरातनं आलंय ते." झालं, निकाल लागला.

वसतिगृहाच्या रेक्टर सुलक्षणा मॅडम तशा वाईट बाई नव्हत्या. मुलींना ताप आला तर स्वतः उशाशी बसायच्या. पण पुढच्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीआधी, ट्रस्टी मंडळी भेटीला येणार होती आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर एकच चित्र नाचत होतं: फराळाच्या ताटातून ढेकूण फिरतोय. त्यांनी वाकळीकडे बघितलं आणि चिमटीत धरल्यासारखं बोलल्या, "प्रेरणा, उद्या रविवार आहे. मागच्या अंगणात पालापाचोळा जाळतो, त्यात ही टाकून दे. मी तुला नवीन ब्लँकेट देते."

प्रेरणाच्या आईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. औषध सुरू झालं तोवर बराच उशीर झाला होता. आता आईला दिसायचा तो फक्त उजेड आणि अंधार. अकरावीला भोरला जायचं ठरलं तेव्हा आईनं उरल्यासुरल्या नजरेनं उन्हाळाभर उंबऱ्यात बसून ही वाकळ पुरी केली होती. त्यानंतर तिला सुईत दोरा ओवता आला नाही. म्हणजे ही जळली की आईच्या हातची दुसरी होणार नव्हती. हे सगळं मॅडमना सांगायचं होतं, आणि प्रेरणा नुसती वाकळीचा काठ मुठीत धरून उभी राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "जाळायची तर जाळा. पर मला एकदा बघू तर द्या."

फुलाबाई. वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक करणारी, वेल्ह्याकडची, काटक, कमरेला पदर खोचलेली आणि कपाळावर कायम एक आठी. मुली तिला फुलामावशी म्हणायच्या, घरचं सगळं तिला सांगायच्या आणि तिच्या उलथन्याला मॅडमपेक्षा जास्त घाबरायच्या. पण तिच्या कोठीघरात एकदा शिरून बघावं! तांदळाच्या पिंपात हात घातला तर बोटांना बिब्बे लागायचे. त्या तांदळाला कधी किडा लागला नाही. ज्वारीत निरगुडीचा वाळलेला पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवलेला. साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ, आणि मुंग्या त्या रेघेपाशी येऊन परत फिरायच्या. मोरीत रोज रात्री चुन्याची निवळी, म्हणून झुरळ नाही. भोरमधल्या हॉटेलवाल्यांनी येऊन शिकावं अशी ती कोठी होती, आणि त्याचा फुलाबाईला जो गर्व होता तो ती मुळीच लपवायची नाही.

तिनं वाकळ अंगणात नेली, उन्हात पसरली आणि गुडघ्यावर बसून काठाकाठानं बघत निघाली. टाका न् टाका दोन बोटांनी उघडून पाहिला. एका काठाला पाच ढेकूण मिळाले; ते तिनं चिमटीनं उचलून साबणाच्या पाण्यात टाकले. मग एका कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. तिथं जरा जाडसर लागत होतं. तिनं तो कोपरा दाबला, नाकाशी नेला, प्रेरणाकडे एकवार बघितलं आणि पुढं सरकली.

शेवटी कमरेवर हात ठेवून उठली. "मॅडम, हे पाच पाव्हणे हायेत."

"म्हणजे?"

"ढेकूण जितं ऱ्हातोय तितं काळे ठिपके पडत्यात, शाईचे पडावेत तसे. अंडी असत्यात, पांढरी, खसखशीवानी. हितं ठिपका न्हाई, अंडं न्हाई. ह्यांचं घर दुसरीकडं हाय. वाकळ जाळाल, आन घर तसंच ऱ्हाईल."

"मग पुन्हा फवारा मारू."

"गणपतीच्या टायमाला मारलावता की. पोरी चार दिस खोकल्या. ढेकूण आठव्या दिशी हजर." फुलाबाईनं हात झटकले. "मला पुढच्या रईवारापत्तूर येळ द्या. सगळ्यांम्होरं वाकळ पांढऱ्या चादरीवर झटकू. येक जरी ढेकूण पडला, तर म्याच काडी लावते तिला."

काडी लावायची भाषा मावशीनं करायला नको होती, असं प्रेरणाला वाटलं. पण बावीस वर्षांत फुलाबाईनं शब्द टाकला आणि तो खाली पडला असं कधी झालं नव्हतं. मॅडमनी मान हलवली. "रविवारपर्यंत. त्यानंतर एक दिवस नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलाबाईनं प्रेरणाला हाताशी घेतलं आणि दोघी ढेकणांचं घर शोधायला निघाल्या. प्रेरणा बारावी सायन्सची विद्यार्थिनी, प्रयोगशाळेत तिनं सूक्ष्मदर्शक हाताळलेला. पण त्या दिवशी तिनं जे बघणं बघितलं तसं कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं. मावशी खाटेच्या पायाशी आडवी व्हायची, गाल फरशीला टेकायचा, आणि खालून वर बघायची. जुन्या पोस्टकार्डाची कड फटीत घालून फिरवायची आणि कडेला काय लागलं ते उजेडात धरायची. खिडकीची चौकट, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाठ, विजेच्या बटणाचा लाकडी बोर्ड, काही सोडलं नाही. मध्येच बडबड चालू. "ह्यो उडत न्हाई, उडी मारत न्हाई. चालत जाईल तेवढाच. म्हंजे कुनीतरी उचलून न्हेल्याबगर दुसऱ्या खोलीत जात न्हाई. कोन उचलून न्हेतंय ते हुडकायचं."

दुपारपर्यंत पाचही खोल्या झाल्या. एक, तीन आणि पाच नंबरला ढेकूण. दोन आणि चार नंबर स्वच्छ. प्रत्येक खोलीत एकाच मुलीच्या खाटेभोवती जास्त: पाचात अश्विनी, तिनात प्रेरणा, एकात सुवर्णा. आणि घर कुठंच नाही. फुलाबाई पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि वैतागून म्हणाली, "तिगी बी हुशार पोरी. ढेकणाला काय निकाल कळतोय का काय?"

प्रेरणाला एकदम सगळं कळलं. आणि नुसतं कळलं नाही, तर आपल्याला ते ऑगस्टपासून ठाऊक होतं हेही कळलं.

वसतिगृहात एक मानाचा पलंग होता. जूनमध्ये एका ट्रस्टींनी त्यांच्या कैलासवासी आईचा शिसवी पलंग दान दिला होता. कोरीव पाय, उशाशी मोर, आणि डोक्याकडे पितळी पट्टी, तिच्यावर त्या माउलीचं नाव. पलंग आला तेव्हा नारळ फुटला, हार चढला, हळदकुंकू वाहिलं गेलं. मग मॅडमच्या डोक्यात एक छान कल्पना आली. ऑफिसशेजारच्या छोट्या खोलीत पलंग मांडायचा, टेबल आणि दिवा ठेवायचा, आणि दर महिन्याच्या चाचणीत जी पहिली येईल तिनं महिनाभर तिथं राहायचं. जुलैत अश्विनी राहिली. ऑगस्टात प्रेरणा. सप्टेंबरात सुवर्णा. आता पेपर तपासायचे होते म्हणून खोली बारा दिवस बंद होती.

त्या पलंगावर झोपायला मिळालं तेव्हा प्रेरणानं घरी फोन करून आईला सांगितलं होतं, "आई, म्या मोराच्या पलंगावर झोपतीय." आई किती हसली होती. मग तिसऱ्या रात्री मानेला काहीतरी चावलं, आणि सकाळी उशीवर रक्ताचा ठिपका होता. चौथ्या दिवशी तिनं ढेकूण डोळ्यांनी पाहिला. आणि कुणाला सांगितलं नाही. मानाच्या पलंगावर अंग खाजतं असं सांगायचं कुणी? लोक म्हणाले असते, डोंगरातल्या पोरीला मान दिला तर तोही सोसवेना. महिना संपला तेव्हा वाकळ गुंडाळून ती गुपचूप तीन नंबरला परत आली. पाहुणे वाकळीतून आले, हे खरं होतं. आणून सोडले होते तिनं स्वतः.

हे सगळं तिनं पायरीवर बसून फुलाबाईला सांगितलं. सांगताना रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. वाटलं, मावशी आता उलथनं काढते. पण फुलाबाई समोरच्या बंद खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली, "मला सांगितलंस ते बेस झालं. आता मॅडमला सांग. म्या न्हाई सांगनार. तुझी वाकळ हाय."

मॅडमना सांगणं सोपं नव्हतं. प्रेरणानं ऑफिसात उभं राहून सांगितलं आणि मॅडमचा चेहरा लाल झाला. "दानात आलेल्या वस्तूला नावं ठेवतेस? त्या पलंगाला आपण हळदकुंकू वाहतो." प्रेरणा खाली बघत होती, पण हलली नाही. "मॅडम, मी ऑगस्टातच बघितला होता. सांगितलं नाही, ती माझी चूक. अश्विनीला विचारा." अश्विनीला बोलावलं. ती आधी नाही म्हणाली, मग प्रेरणाकडे बघून हो म्हणाली. सुवर्णानं तर न विचारता बाही वर करून दाखवली. तीन महिने तिन्ही हुशार मुली ढेकणांना रक्त पाजत होत्या आणि मानापायी तिघींनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "पण पलंग खोलायचा कसा? ट्रस्टींना काय वाटेल?"

दारात उभी असलेली फुलाबाई इतक्या भोळेपणानं बोलली की प्रेरणाला हसू आवरेना. "दिवाळी आलीया न्हवं? समद्यात आधी आंगूळ मोठ्यांची. पलंगाला आंगूळ घालू. कुनी काय म्हनायचं त्यात?"

सोमवारी सकाळी तांब्याचा बंब पेटला. पलंग उचलून अंगणात आणला आणि एका मोठ्या पत्र्यावर ठेवला, म्हणजे खाली पडलेला कुणी निसटायला नको. वाळलेले हार काढले. मोराच्या मानेत, पायांच्या खाचांत चार महिन्यांचं कुंकू थापलेलं होतं आणि त्या लाल थराखाली काळे ठिपके असे दडले होते की कितीही बघा, दिसावेत कुंकवाचेच डाग. फुलाबाईनं हातोडीला फडकं गुंडाळलं आणि हलकेच एकेक खीळ ठोकून सांधा मोकळा केला. पहिला पाय निघाला तशी मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. भोकाच्या आत खसखस सांडल्यासारखी अंडी होती, आणि बारा दिवसांचे उपाशी ढेकूण उजेडाला भिऊन सैरावैरा पळत होते.

"पानी," फुलाबाई म्हणाली.

मुलींनी रांग केली. बंबापासून पत्र्यापर्यंत बादल्या हातोहात गेल्या, आणि फुलाबाई कळशीनं उकळतं पाणी एकेका फटीत ओतत गेली. घाई नाही, सांडलवंड नाही. देवाला अभिषेक करावा तशी बारीक धार. एक सांधा तीनदा. मग उलटा करून पुन्हा तीनदा. प्रेरणा तिच्या मनगटाकडे बघत राहिली. एवढी मोठी कळशी आणि धार कुठं तुटत नाही. किती वर्षं लागत असतील असा हात व्हायला! तिला मावशीचा इतका अभिमान वाटला की आपल्या शेजारी उभ्या असलेल्या पिंकीला तिनं उगाचच कोपरानं ढोसलं.

"निरगुडी नाही घालायची, मावशी?" पिंकीनं विचारलं.

"घालायची की. पर मागनं. पाला ढेकनाला मारत न्हाई, हुसकून लावतोय. मारतंय ते ऊन आन पानी. आदी पाला घातला असता तर समदे उठून तुज्या उशीत आले असते." पिंकीनं लगेच दोन पावलं मागं घेतली.

पलंग तीन दिवस उन्हात राहिला. सुकल्यावर फुलाबाईनं फटींत मेण भरलं आणि खोलीच्या कोपऱ्यात निरगुडीचा पाला ठेवला. मॅडमनी स्वतः हात लावून खोल्यांमधल्या खाटा भिंतीपासून वीतभर सरकवल्या आणि प्रत्येक पायाखाली साबणाच्या पाण्याची वाटी ठेवली. ढेकणाला पोहता येत नाही, हे त्यांना या वयात कळलं, आणि त्या ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

राहिली वाकळ. तिच्यावर उकळतं पाणी ओतता येत नव्हतं. आईच्या लग्नाच्या साडीचा रंग कच्चा होता आणि आजीचं लुगडं विरलेलं. प्रेरणाला रात्री झोप येईना. फुलाबाईनं खळ्यावर भात झाकायचा काळा प्लास्टिक कागद आणला, वाकळ त्यात सैलसर गुंडाळली, तोंड सुतळीनं आवळलं आणि लाकडाच्या खोपीच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. ऑक्टोबरचं ऊन, वर काळा कागद आणि खाली तापलेला पत्रा. दुपारी बाराला एक कूस, दोनला दुसरी कूस. "भाकरीवानी," मावशी म्हणाली. बुधवारी आभाळ आलं तर प्रेरणा कॉलेजातून तीनदा खिडकीबाहेर डोकावली. गुरुवारपासून पुन्हा कडक पडलं. शनिवारी संध्याकाळी गाठोडं खाली उतरवलं तेव्हा त्याला हात लावला तर चटका बसत होता.

रविवारी सगळं वसतिगृह अंगणात जमलं. मॅडमनी स्वतःच्या घरची पांढरी चादर आणून अंथरली. फुलाबाईनं कनवटीतून काडेपेटी काढून सगळ्यांना दिसेल अशी पायरीवर ठेवली. वाकळीची दोन टोकं प्रेरणानं धरली, दोन टोकं तिनं.

पहिला झटका. धूळ. दुसरा झटका. वाळलेल्या कवचाचे दोन तुकडे. मॅडम वाकून बघायला लागल्या, फुलाबाई म्हणाली, "मेलाय त्यो. जित्याची बोली व्हती." तिसरा झटका दोघींनी जोरात दिला, आणि एका कोपऱ्यातला जुना टाका उसवून चादरीवर काहीतरी सांडलं. तपकिरी, बारीक. मुली ओरडल्या.

ते हललं नाही. फुलाबाईनं ते चिमटीत उचललं आणि प्रेरणाच्या नाकाशी धरलं. वास जवळजवळ उडाला होता. पण अगदी तळाशी थोडासा उरला होता, आणि तो घराच्या ट्रंकेचा वास होता, लहानपणच्या लंगोटांचा, आईच्या हातांचा.

"वेखंड," फुलाबाई म्हणाली. "तुज्या आईनं चारी कोपऱ्यांत पुरचुंड्या शिवल्यात. परक्या जागी पोरीला काय चावू नये म्हनून. पयल्याच दिशी हाताला लागल्यावत्या मला. म्या म्हनलं, जी बाई धड दिसत नसताना कोपऱ्यात वेखंड शिवतीया, तिच्या घरात ढेकूण? मंग बिनघोर काडीची भाषा केली." तिनं ते वेखंड प्रेरणाच्या तळहातावर ठेवलं. "दीड-दोन वर्सांत वास उडतोय. म्हनून पाव्हने शिरले. न्हाईतर त्यांची छाती न्हवती."

प्रेरणा चादरीवर तशीच खाली बसली आणि वाकळ तोंडाशी धरून रडली. सुलक्षणा मॅडम आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोरा स्वतः ओवला आणि सुई प्रेरणाला दिली. "माझं चुकलं गं," एवढंच म्हणाल्या. फुलाबाईनं कोठीतून ताजं वेखंड आणून ठेचलं. प्रेरणानं चारी कोपऱ्यांत नव्या पुरचुंड्या शिवल्या. ट्रस्टी मंडळी दुपारी आली, चकाकणारा पलंग बघून खूश झाली आणि पलंगाची इतकी निगा राखल्याबद्दल त्यांनी मॅडमचं कौतुक केलं. मॅडमनी ते कौतुक उचलून फुलाबाईच्या ओटीत घातलं. तिनं तोंड वाकडं करून चकल्या वाढल्या.

मंगळवारी प्रेरणा सुट्टीला निघाली. हिर्डोशीची एसटी संध्याकाळी पोचली. आई ओसरीवरच होती. तिनं आधी पोरीचं तोंड चाचपलं, मग वळकटी मांडीवर ओढली, ती उलगडली आणि नेहमीसारखी काठावरून बोटं फिरवत गेली. कोपऱ्याशी आली तशी बोटं थांबली.

"ह्यो टाका माजा न्हाई."

"माझा हाय," प्रेरणा म्हणाली.

आईनं कोपरा दाबला, नाकाशी धरून लांब श्वास घेतला, आणि पुन्हा एकदा त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"जरा लांब लांब पडल्यात," ती म्हणाली. "पर निघायचे न्हाईत."